पहिली ते चौथीची चित्रकला: फळ्यावरचे चित्र उतरवून घेण्यापलीकडे काय शिकवायचे?

गेरू (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय मांडायचा होता. इथे शिक्षक आहेत, पालक आहेत, चित्रकारही आहेत, म्हणून धागा काढतेय.

माझी शाळा माणदेशातली, जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे. महाराष्ट्रातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत जा आणि मुलांना "निसर्गचित्र काढा" म्हणा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी, डोंगरातून निघालेली नदी, काठावर झोपडी आणि नारळाचे झाड. आमच्याकडे नारळ देवळात फुटतो तेवढाच. नदीला पाणी पावसाळ्यात असले तर असते. तरी मूल नारळाचे झाडच काढते, कारण कुणीतरी ते फळ्यावर काढून दाखवलेले असते. त्याच्या रोजच्या वाटेवर बाजरीचे रान आहे, मेंढरांचा वाडा आहे, बोडक्या माळावर पवनचक्क्या आहेत. त्यातले काहीच कागदावर येत नाही.

यात शिक्षकांना दोष देऊन भागत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही शंभराच्या वर पट असेल तर. पहिली ते पाचवीला कलाशिक्षक हा विषयच नाही. म्हणजे जो गणित शिकवतो त्यानेच चित्रकला घ्यायची. त्याला स्वतःला लहानपणी डोंगर-सूर्यच शिकवलेला असतो.

माझे म्हणणे सरळ आहे. या वयात मुलाला चित्र काढून दाखवायचे नाही. त्याला नीट बघायला लावायचे, हातात साहित्य द्यायचे आणि कागदावर काय, कुठे, केवढे काढायचे हे त्याचे त्याला ठरवू द्यायचे. शिकवणे आहे ते यातच, आणि फळ्यावर चित्र काढण्यापेक्षा ते अवघड आहे.

एक उदाहरण देते. चौथीला शेळी काढायला सांगितली. मुले शेळ्या राखणाऱ्या घरातली, तरी बहुतेकांनी काढली ती चार काठ्यांवर ठेवलेली उशी आणि तिला माणसाचे तोंड. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलाने घरची शेळी आणली, तिला व्हरांड्यात बांधली, आणि आम्ही सगळे भोवती बसलो. पेन्सिल कुणाच्याच हातात नाही. मी नुसते विचारत गेले. कान कुठून सुरू होतो? शिंगाच्या पुढून की मागून? मागचा पाय कुठल्या बाजूला वाकतो? शेपूट वर आहे की खाली? (शेळीची वर, मेंढीची खाली, हे मला त्यांनीच सांगितले.) मग एक मुलगी अगदी जवळ जाऊन म्हणाली, "बाई, हिच्या डोळ्यात आडवी रेघ आहे." सगळे धावले बघायला. शेळीची बाहुली खरेच आडवी असते. नंतर कागद दिले. एकसारखी दोन चित्रे नव्हती. कुणी नुसते तोंडच काढले, पानभर, त्या आडव्या रेघेसकट. कुणी खूर. एकाने वरून दिसणारी पाठ काढली, कारण तो भिंतीच्या कठड्यावर बसला होता.

तुमच्याकडे काय चालते? काय जमते, काय फसते? आणि 'डिझाइन' हा शब्द प्राथमिकला ऐकूही येत नाही, त्याचे काही करता येईल का? सविस्तर लिहा, घाई नाही.

---

अनुस्वार

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे. शेळीचा तास वाचून हेवा वाटला.

मी पालक म्हणून विचारतो. मुलगी नऊ वर्षांची, पुण्यात शाळा. सहा वर्षांची असताना दिवसभर काहीतरी काढत असायची. जिन्याखालची मांजर, आजीचा कुकर, पाऊस, सगळे. आता म्हणते, "मला माणसे जमत नाहीत", आणि मोबाइलवरचे कार्टूनचे चेहरे बघून बघून काढते. तेवढेच. शनिवारी एका क्लासला घातले होते. तिथे छापील आउटलाइन देतात, वरून खाली ऑइल पेस्टल घासायचे, कडेला गडद, आत फिकट. दर महिन्याला स्पर्धा आणि मेडल. मेडले आहेत घरात, पण मुलगी मनाने काही काढत नाही. क्लास बंद करावा का? की हे वयच तसे असते?

---

ड्रॉइंगमास्तर

धागाकर्तीचे अभिनंदन, पण मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. हायस्कूलमध्ये कलाशिक्षक म्हणून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) केली तेव्हापासून खडू हातात.

पाचवीला आमच्याकडे मुले यायची तेव्हा त्यांना ब्रश धरता येत नसे. पाण्यात बुडवून तसाच कागदावर. ब्रश धुवायचा, कडेला टेकवून पाणी निथळवायचे, मग रंगात टेकवायचा, हे कुणी सांगितलेलेच नसते. पेन्सिल टोकाशी धरून कागद फाटेपर्यंत दाबायची. रेघ मनगटातून काढायची, मोठा गोल असेल तर खांद्यातून, हे माहीत नाही. मग या मुलांना 'तुझ्या मनाने काढ' म्हणून काय उपयोग? मनात आहे ते हाताला येत नाही, म्हणून मूल पाचवीत 'मला चित्रकला येत नाही' म्हणून मोकळे होते. हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

ग्रेड परीक्षांना हल्ली नावे ठेवायची पद्धत आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा हायस्कूलच्या मुलांसाठी आहेत. त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असते. खेड्यातल्या कितीतरी मुलांना चित्रकलेतही पुढे जाता येते हे या परीक्षांमुळे कळले. इंटरमिजिएटला श्रेणी मिळाली की दहावीला वाढीव गुण मिळतात, हे खरे. पण गुणांसाठीच बसणारी मुले आणि खरोखर आवडीने बसणारी मुले शिक्षकाला लगेच ओळखू येतात. माझा आक्षेप एवढाच की चौथीच्या मुलाला एलिमेंटरीची तयारी म्हणून तांब्या आणि दोन वांगी काढायला बसवू नये. तेवढे तंत्र त्या वयाचे नाही.

पण तंत्र हवेच. वयाप्रमाणे हवे.

---

गेरू

सर, तुमचा ब्रश धुण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ती सवय पहिलीपासून लागली पाहिजे आणि ती शिकवावीच लागते. मी 'काढून दाखवू नये' म्हणते ते चित्राबद्दल, साहित्य कसे वापरायचे त्याबद्दल नाही. माती कशी मळायची, खळ कशी लावायची, कात्री कशी धरायची (कात्री स्थिर, कागद फिरवायचा), हे मी दहादा करून दाखवते.

अनुस्वारदादा, तुमच्या मुलीचे वय अगदी तेच आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या वाढीच्या पायऱ्या मांडल्या. दोन ते चार गिरगोट्या. चार ते सात या वयात डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे. सात ते नऊमध्ये प्रत्येक गोष्टीचे मुलाचे एक ठरलेले चिन्ह तयार होते, घर म्हणजे असे, झाड म्हणजे असे. कागदाच्या खालच्या कडेला जमिनीची एक रेघ येते आणि सगळे तिच्यावर उभे राहते. नऊच्या पुढे मूल आपल्या चित्राकडे दुसऱ्याच्या नजरेने बघू लागते. 'खऱ्यासारखे' हवे असते आणि येत नाही. तुमची मुलगी तिथे आली आहे. वये थोडी मागेपुढे होतात, पण क्रम बहुतेक मुलांत मला हाच दिसतो.

या पायऱ्या माहीत असल्या की शिक्षकाचा हात मुलाच्या चित्रावर खोडरबर घेऊन जात नाही. दुसरीतल्या एका मुलाने विहीर काढली होती. मधे गोल, आणि भोवती पाणी भरणाऱ्या बायका, चारी दिशांना पाय विहिरीकडे करून आडव्या पडल्यासारख्या. विहिरीच्या आतले पाणी दिसते, पाण्यातला कासवही दिसतो. कुणी म्हणेल चूक आहे. पण तो काय सांगतोय बघा: विहीर गोल आहे, बायका तिच्या चारी बाजूंनी उभ्या आहेत, आत पाणी आहे, पाण्यात कासव आहे. सगळे बरोबर आहे. कठड्याआडचे कासव न दाखवणे हा मोठ्यांचा नियम, तो त्याला अजून नको आहे.

आणि सर, तुम्ही म्हणता ते तंत्र नेमके या नऊ-दहाच्या वळणावर हवे, जेव्हा मूल स्वतः मागते. "माणूस वाकलेला कसा काढू?" असे तिने विचारले की तिच्यासमोर भावाला वाकायला लावायचे. कंबर कुठे मोडते, गुडघे किती पुढे येतात, डोके कुठे जाते, हे बघायला लावायचे. तारेचा किंवा काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा माणूस करून वाकवून बघायचा. क्लासबद्दल निर्णय तुमचा, पण छापील आउटलाइनमध्ये रंग भरणे म्हणजे दुसऱ्याने घेतलेले सगळे निर्णय मान्य करणे. लोवेनफेल्डचा रंगवायच्या पुस्तकांना विरोध होता तो याच कारणाने.

---

कार्डशीट

डिझाइनबद्दल विचारलेत म्हणून लिहितो. मी प्रॉडक्ट डिझायनर आहे, गावच्या शाळेत अधूनमधून मुलांसोबत काम करतो.

शाळेत डिझाइन म्हटले की नक्षी काढतात. चौकोनात फूल, कोपऱ्यात पाने, समान भाग रंगवा. ती नक्षी वाईट नाही, पण डिझाइन म्हणजे मुळात अडचण ओळखून तिच्यावर काहीतरी करून बघणे. ते सात वर्षांच्या मुलाला उत्तम जमते. दिवाळीचा किल्ला हे त्याचे आपल्या घरातले सगळ्यात मोठे उदाहरण. जागा किती, माती कुठली, बुरूज ढासळू नये म्हणून आत विटा की दगड, पायऱ्या कशाच्या, हळीव किती दिवस आधी पेरले की हिरवळ वेळेवर उगवेल, मावळे कुठे उभे केले की तोफ दिसेल. मुले हे सगळे आपसात भांडून ठरवतात आणि पावसाने एक बाजू खचली की रातोरात दुरुस्त करतात. हाच कार्यक्रम शाळेत आणला की झाले डिझाइनचे शिक्षण.

आम्ही एकदा चपलांचा विषय घेतला. वर्गाच्या दारात चपलांचा ढीग पडतो हे सगळ्याच शाळांत. शिक्षक ओरडतात, रांगेत ठेवा. दोन दिवस रांग, तिसऱ्या दिवशी ढीग. मुलांना म्हटले, आधी उपाय सांगू नका, नुसते बघा. मधल्या सुट्टीत जोडी-जोडीने दाराशी बसली. त्यांनी जे टिपले ते मला सुचले नसते. घंटा झाली की मोठी मुले आधी पळतात आणि त्यांच्या पायांनी छोट्यांच्या चपला आत ढकलल्या जातात. पन्हाळीचे पाणी नेमके चपलांवर पडते. पहिलीच्या मुलांना स्वतःची चपल ओळखूच येत नाही, कारण निळ्या स्लीपर सगळ्यांच्याच.

मग प्रत्येकाने चित्र काढून उपाय मांडला, त्यातल्या काहींची खोक्याच्या पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती केली. एक फारच सुंदर दिसणारा मनोरा होता, पण त्यात चपल वाकून घालावी लागायची, आणि पहिलीची मुले त्यात घालतच नव्हती. तो मुलांनीच बाद केला. शेवटी टिकले ते साधे: विटांवर दोन बांबू आडवे, त्यांच्या फटीत चपल उभी खोचायची. मोठ्यांचे दाराच्या लांबच्या बाजूला, छोट्यांचे जवळ आणि ठेंगणे.

खरी मजा ओळखीच्या खुणांची. पहिलीला नाव वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाची एक चित्रखूण ठरवली. कुणाचा बेडूक, कुणाची किल्ली, कुणाची मिरची. आधी मुलांनी बारीक पेन्सिलने झकास बेडूक काढले, डोळे-बोटे सगळे. बांबूवर लावून दारातून बघितले तर काहीच कळेना. मग एकाने बेडूक काळ्या कागदातून कापला, एकच सलग आकार. तो लांबून दिसला. सगळ्यांनी आपापल्या खुणा बदलल्या. मिरची आणि मासा सारखे दिसतात म्हणून मिरचीला देठ मोठा केला. चिन्ह-आरेखनाच्या कॉलेजातल्या तासाला आम्ही हेच करतो.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात शालेय मुलांसाठी डिझाइन आणि तंत्रज्ञान शिक्षणावर संशोधन झाले आहे. मुलांनी आधी चित्रातून आराखडा करायचा, मग वस्तू बनवायची, मग दोन्ही ताडून बघायचे, असे ते काम. मुले चित्राचा उपयोग विचार करायला करतात हे त्यातून छान दिसते. आणि चित्रकलेच्या तासाला आपण हेच विसरतो, चित्र फक्त भिंतीवर लावायची वस्तू समजतो.

---

ड्रॉइंगमास्तर

कार्डशीट, बेडकाचा किस्सा फार आवडला. संकल्पचित्राच्या तासाला आम्ही 'आकार सोपा करा' म्हणून घसा कोरडा करतो. दारातून बघायला लावणे हे त्यावरचे खरे उत्तर.

---

तारपा

डहाणू भागात शिक्षक आहे. या धाग्यावर वारलीचा विषय कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो.

हल्ली प्रत्येक शाळेच्या भिंतीवर, वह्यांवर, भेटकार्डांवर वारली असते. 'दोन त्रिकोण जोडा, वर गोल, काड्यांचे हातपाय, झाली वारली' असे शिकवतात. मुलांना ते लवकर जमते आणि छान दिसते, म्हणून शिक्षकांना सोपे. पण आमच्या वर्गातल्या मुलांच्या आज्या लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचे चौकोनी चित्र, लिहितात. शेणामातीने सारवलेली भिंत, त्यावर गेरू, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून बांबूच्या काडीने रेघा. चौकात पालघट देवी. सुवासिनींनी लिहायचे, धवलेरीने (लग्न लावणाऱ्या बाईने) गाणी म्हणायची, त्याशिवाय लग्न लागत नाही. १९७०च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी हे कागदावर आणले आणि रोजचे जगणे त्यात ओतले, मासेमारी, पेरणी, तारप्याचा नाच, मुंग्यांचे वारूळ. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रात मासे पकडायचे जाळे बघा, एकेक रेघ विणल्यासारखी. ते त्रिकोण जोडून येत नाही, पाण्याकाठी बसून बघितल्यानेच येते.

म्हणून माझ्या वर्गात मी वारली 'शिकवत' नाही. आजीला बोलावतो. ती भिंतीशी बसून लिहिते आणि सांगते, मुले बघतात. मग मुलांना म्हणतो, तुम्ही आज सकाळपासून काय काय केले ते असेच एका चित्रात लिहा. पांढरा एकच रंग, काडी आणि तपकिरी कागद. कुणी एस.टी. काढते, कुणी मोबाइलच्या टॉवरखाली रेंज शोधणारा बाप. माणसे काही वेळा त्रिकोणी असतात, काही वेळा नसतात.

शहरातल्या शिक्षकांना विनंती, वारली घ्या, जरूर घ्या, पण ती कुणाची, कशासाठी लिहिली जाते हे मुलांना सांगून घ्या. आणि शेजारच्या आजीची गोधडी, आईची ठिपक्यांची रांगोळी, तीही तितक्याच आदराने वर्गात येऊ द्या.

---

अनुस्वार

तारपा, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. रांगोळीचे लक्षातच आले नव्हते. मुलीची आजी ठिपके मोजून न चुकता काढते, एका पाकळीवरून बाकीच्या सात मनात फिरवते. सममिती शिकवायला याहून चांगले काय असणार?

---

लीड्सकर

इथली माहिती देते, तुलना म्हणून नाही, पण उपयोगी पडेल. इंग्लंडच्या प्राथमिक अभ्यासक्रमात 'आर्ट अँड डिझाइन' आणि 'डिझाइन अँड टेक्नॉलॉजी' असे दोन वेगळे विषय आहेत. दुसऱ्यात वस्तू आखायची, बनवायची आणि मग तपासून बघायची, आणि स्वयंपाकही त्यातच येतो! माझा मुलगा शाळेत सूप करून आला होता, भाज्या कापण्यापासून.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्केचबुक. सात ते अकरा वयाच्या मुलांनी स्केचबुक ठेवावे आणि त्यात निरीक्षणे नोंदवून पुन्हा पुन्हा त्या कल्पनांकडे यावे, असे अभ्यासक्रमातच लिहिले आहे. ती वही 'चांगली' दिसायची नसते. त्यात खोडलेले, चिकटवलेले, अर्धवट, रंगांचे नमुने, सगळे असते. मुलगा सहा महिन्यांपूर्वीचे पान उघडून म्हणतो, "तेव्हा मला पाने सगळी सारखीच दिसायची." हे वहीशिवाय त्याला कळले नसते. आपल्याकडे चित्रकलेची वही म्हणजे दर पानाला एक पूर्ण रंगवलेले चित्र आणि खाली शिक्षकांची सही. पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही मुलांना दिली तर खर्चही नाही.

---

मांडवी

गोव्यातून. आमच्याकडच्या जुन्या देवळांत आणि घरांत कावी चित्रे आहेत, कोकणातही आहेत. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असताना टोकदार सळईने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. मुलांना हे वर्गात करायला देता येते: ऑइल पेस्टलच्या फिकट रंगांनी कागद पूर्ण भरायचा, वरून काळा किंवा गडद लाल थर, मग खिळ्याने किंवा सुकलेल्या बॉलपेनने खरवडायचे. मुलांना 'काढून टाकून' चित्र होते हे कळते तेव्हा ती थक्क होतात. एकदा खरवडलेले परत भरता येत नाही, म्हणून आधी विचार करतात. त्यानंतर जवळच्या देवळात नेऊन खरी कावी दाखवावी, मग मुले त्या भिंतीसमोरून हलत नाहीत.

सिंधुदुर्गच्या शिक्षकांनी पिंगुळीला मुलांना न्यावे. चित्रकथी म्हणजे एकेक चित्र उचलून गोष्ट गाणे. मुलांना स्वतःची गोष्ट पाच-सहा चित्रांत तोडायला लावली की कुठला क्षण काढायचा आणि कुठला गाळायचा हे ठरवावे लागते. भाषेच्या तासालाही चालेल.

---

चौथीचा_वर्ग

सगळे छान आहे, पण माझ्या वर्गात पंचेचाळीस मुले, साहित्याला पैसे नाहीत, आणि केंद्रप्रमुखांना नोंदवहीत नोंदी हव्यात. गेरूताई, हे कसे बसवता? आणि शेळी शहरात कुठून आणू?

---

गेरू

शेळी नको, बोंबील आणा, शिमला मिरची आडवी कापून आणा, सायकल वर्गात उभी करा. सायकलची साखळी आणि पायडल कशाला जोडलेले आहे हे न बघता काढायला सांगा, मग बघून. मोठ्या माणसांनाही घाम फुटतो.

साहित्याचे सांगते. रंगाच्या बारा डब्या लागत नाहीत. लाल, पिवळा, निळा, पांढरा एवढे पोस्टर कलर, मोठ्या बाटलीत, बाटलीच्या झाकणांतून गटागटात वाटायचे. हिरवा हवा असेल तर करा. मुलांचे हिरवे पन्नास प्रकारचे होतात, आणि बाभळीचा हिरवा वेगळा, शेवग्याचा वेगळा हे तेव्हाच दिसते. ब्रश जाड हवेत, आठ-दहा नंबरचे, म्हणजे बारीक कोरत बसत नाहीत. नसतील तर कडुनिंबाची काडी चावून कुंचला होतो. कोळसा, गेरू, चुना, विटेचा चुरा, पळसाची फुले, पारिजातकाचे देठ, हे सगळे चालते. बाभळीचा डिंक मिसळला की रंग कागदाला धरतो.

हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीने रेघ मारली की ती लाल होते. मुले किंचाळतात. तिथेच विज्ञानाचा तास होतो, आणि कुंकू पूर्वी हळदीपासूनच करत हे कुणाच्या तरी आजीला माहीत असते. चुना मात्र शिक्षकांनीच हाताळावा, डोळ्यात जाऊ देऊ नये.

पंचेचाळीस मुलांना एकाच वेळी एकच काम देऊ नका. एक गट माती, एक गट जमिनीवर खडूने, एक गट कात्रणे, एक रंग. रंगाच्या गटात दहाच मुले, म्हणजे सांडलवंड आवरते. पुढच्या तासाला गट फिरवा. शनिवारी दप्तराविना तास असतात तेव्हा सलग वेळ मिळतो, पस्तीस मिनिटांत रंगकाम होत नाही.

नोंदींचे. कलेला संकलित (सत्राअखेरची) परीक्षा नाही, फक्त आकारिक (वर्षभर बघून केलेले) मूल्यमापन, हे आपल्या फायद्याचे आहे. पण नोंदवहीत काय येते? 'चित्रात छान रंग भरतो', 'चित्रकलेची आवड आहे', ओळीने सगळ्यांना. त्याऐवजी मी जे दिसले ते लिहिते. 'शेळीचे खूर दोन भागांचे असतात हे बघून दुसऱ्या चित्रात दुरुस्त केले.' 'निळा संपल्यावर रात्र दाखवायला कोळसा वापरला.' 'गटात दुसऱ्याची कल्पना आधी करून बघू म्हणाली.' रोज तीन-चार मुलांचेच लिहायचे, महिन्यात सगळी होतात. आमच्या केंद्रप्रमुखांनी त्या नोंदी वाचल्या आणि चित्रे मागून घेऊन बघत बसले.

वर्ध्याच्या सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या (हातांच्या कामातून शिक्षण) शाळेत देवीप्रसाद हे चित्रकार १९४४ पासून मुलांना कला शिकवत. शांतिनिकेतनात शिकलेले, कुंभारकामही करायचे. सूत कातणे, शेती, सफाई यांच्या बरोबरीने चित्रकला रोजच्या शिक्षणाचा भाग, आणि तेही साध्या, जवळच्या साहित्यात. महाराष्ट्राच्या मातीत हे झालेले आहे. साधने नव्हती म्हणून थांबले नव्हते.

---

ड्रॉइंगमास्तर

नोंदींचा मुद्दा सर्व शिक्षकांनी घ्यावा असा आहे. दोन गोष्टी जोडतो.

चित्रे लावताना मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, पहिलीचा वर्ग असेल तर तुमच्या कमरेएवढ्या. आणि निवडक 'चांगली' लावू नका, सगळी लावा, जागा नसेल तर पाळीपाळीने. मुलाच्या चित्रावर लाल शाईने गुण लिहू नका, सही करायची तर मागे करा. तो कागद त्याचा आहे.

दुसरे मातीकामाविषयी. पहिली-दुसरीला रंगापेक्षा माती आधी द्या. हाताचे स्नायू तयार होतात, आणि मातीत खोडरबर लागत नाही. चुकले की दाबले. बैलपोळ्याचे बैल सगळ्या मुलांना करता येतात, त्यांना फक्त माती मिळाली पाहिजे. लोवेनफेल्ड स्वतः व्हिएन्नातल्या अंधशाळेत मुलांना मातीकाम शिकवत, एवढेच सांगितले तरी पुरे.

---

चौथीचा_वर्ग

सर, माती कुठली घ्यावी? शाडू महाग पडतो, आणि मागच्या वेळी आणलेल्या मातीच्या वस्तू वाळताना सगळ्या तडकल्या. मुले हिरमुसली.

---

ड्रॉइंगमास्तर

जवळच्या कुंभाराकडची माती सगळ्यात उत्तम, मागितली तर बहुतेक जण देतात. नाहीतर तळ्याच्या किंवा ओढ्याच्या काठची चिकण माती. ती वाळवून, कुटून, चाळून घ्या, रात्रभर भिजवा, वरचे पाणी काढा. मग भरपूर मळा, पोळीच्या कणकेसारखी, हाताला चिकटेनाशी होईपर्यंत. मळताना कागदाचा लगदा किंवा पिंजलेला कापूस थोडा मिसळा, तडे कमी जातात. नुसती काळी माती घेऊ नका, ती वाळताना फार आक्रसते.

वस्तूचे भाग वेगवेगळे करून नुसते चिकटवले की तिथूनच सुटतात. दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या मारून पातळ मातीची लेई लावून जोडायचे, आणि सांधा बोटाने पुसून घ्यायचा. बैलाची शिंगे याच कारणाने गळतात. वाळवायला उन्हात ठेवायचे नाही, सावलीत, वर ओले फडके टाकून, दोन दिवसांनी फडके काढायचे. जाड वस्तू आतून पोकळ करायला सांगा. उरलेली माती ओल्या गोणपाटात गुंडाळून घमेल्यात झाकून ठेवा, वर्षभर पुरते.

---

चौथीचा_वर्ग

धन्यवाद सर. गावात एक कुंभार आहेत, त्यांचा नातू माझ्याच वर्गात आहे. सोमवारी त्यांनाच शाळेत बोलावतो, चाक घेऊन.